नाथसागर कोणाचा?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या मराठवाड्यात एक सोहळा ठरल्याप्रमाणे पार पडतो. पंचांगात मात्र त्याची नोंद आढळत नाही. पैठणच्या धरणात किती टक्के पाणी आहे याची चर्चा वर्तमानपत्रांतून सुरू होते. साठा कमी असला की वरच्या धरणांतून पाणी सोडा अशी मागणी इकडून निघते आणि 'एक थेंबही देणार नाही' अशी गर्जना तिकडून उठते. मग रस्ते अडविले जातात, निवेदने दिली जातात, न्यायालयात अर्ज पडतात, शिष्टमंडळे मुंबईच्या वाऱ्या करतात. आणि अखेर पाणी सुटलेच, तर ते पोलिसांच्या पहाऱ्यात, काठावरच्या पंपांची वीज तोडून, एखाद्या कैद्याप्रमाणे पैठणापर्यंत पोहोचविले जाते. पुढील वर्षी पाऊस बरा झाला म्हणजे दोन्ही बाजू हा वाद विसरतात व अवर्षणाच्या वर्षी पुनश्च पहिल्या पानापासून वाचू लागतात. या सोहळ्यात आमचा बीड जिल्हा अर्थातच 'सोडा, सोडा' म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभा असतो. त्या रांगेचा हक्क आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या हक्काची आजवरची मांडणी दुबळी आहे, आणि तिचे दुबळेपण परक्यांच्या दुष्टाव्यात नसून पुष्कळसे आमच्याच वर्तनात आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले असल्यामुळे ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम वादाचा विषय नीट ध्यानात घेतला पाहिजे. जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला १९६५ साली लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या जलाशयास नाथसागर म्हणतात, आणि हे नाव अतिशयोक्तीचे नाही: त्याची एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी म्हणजे १०२ अब्ज घनफूट असून उपयुक्त साठा ७६ टीएमसींहून अधिक आहे, आणि भरल्या पावसाळ्यानंतर त्याच्या काठी उभे राहिले असता पलीकडचा तीर डोळ्यांस दिसत नाही. प्रकल्पाचे मूळ नाव आमच्याच जिल्ह्यातील एका खेड्याचे आहे. निजामी राजवटीत प्रथम कल्पिलेले धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडीजवळ व्हावयाचे होते. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर ते नदीच्या वरच्या अंगास, सुमारे शंभर किलोमीटरांवर, पैठणला गेले. धरण सरकले, नाव मात्र राहिले. धरणाचा १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा सिंदफणेवरील माजलगावच्या जलाशयास येऊन मिळतो, आणि बीड शहराच्या नळांस जे पाणी येते त्याचा मोठा आधार तोच माजलगावचा जलाशय आहे. तेव्हा नाशिकच्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाशी बीडच्या स्वयंपाकघरातील हंड्याचा संबंध आहे, ही गोष्ट अलंकारिक नव्हे, शब्दशः खरी आहे.

या सागरास पाणी पुरविणाऱ्या नद्या म्हणजे गोदावरी, दारणा, प्रवरा, मुळा. त्यांच्यावर गंगापूर, दारणा, मुकणे, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणे वरच्या अंगास आहेत. म्हणजे नाशिक आणि अहिल्यानगर हे जिल्हे या सागराच्या डोक्याशी, छत्रपती संभाजीनगर त्याच्या काठी, आणि जालना, परभणी व बीड त्याच्या कालव्यांच्या शेपटाशी. सागर एक आणि जिल्हे सहा! इतक्या मंडळींचे एका पाण्यावर पोट असता त्यांची एकत्र बसण्याची एकही जागा असू नये, हा या प्रकरणातील खरा अनर्थ आहे. बाकीचे सर्व अनर्थ याच एका अनर्थाची पिलावळ होत.

वरचा पक्ष म्हणतो, पाऊस आमच्या डोंगरावर पडतो, धरणात जमिनी आमच्या बुडाल्या, तेव्हा पाणी आमचे. या म्हणण्यात तथ्याचा अंश नाही असे आम्ही म्हणणार नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. जायकवाडीची कोनशिला बसण्यापूर्वी चाळीस वर्षे प्रवराकाठच्या शेतकऱ्याने त्या पाण्याच्या भरवशावर आपला संसार मांडला होता. त्याला एका सरकारी हुकमाने 'तू चोर आहेस' असे सांगणे अन्यायाचे होईल. परंतु पाऊस ज्याच्या शिवारात पडला त्याचा, हा सिद्धांत एकदा मान्य केला की तो नाशिकच्या वेशीपाशी थांबत नाही. मग इगतपुरीने नाशिकला विचारावे, 'तुमचा आमच्या पावसाशी संबंध काय?' नदीला उताराची भाषा कळते, मालकीची कळत नाही. आणि खालच्यास तहानलेले ठेवून वरचा जो ऊस वाढवितो, तो ऊस तोडावयास अखेर आमच्याच बीड जिल्ह्यातील माणसे दिवाळीनंतर बैलगाड्या जोडून जातात. पाणी खाली येत नाही म्हणून माणसे वर जातात, हा या प्रश्नाचा पुष्कळांस न दिसणारा अर्धा भाग आहे. कोयता हाती घेऊन सहा महिने परमुलखात पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या जोडप्याच्या मुलाची शाळा कोणत्या धरणात बुडाली, हा हिशेब कोणत्याही लवादापुढे अद्याप मांडला गेलेला नाही.

खालचा पक्ष, म्हणजे आम्ही, कायद्याचे पुस्तक पुढे करतो. तेही पुस्तक खरे आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात असे कलम आहे की, टंचाईचा भार खोऱ्यातील सर्वांनी सारखा वाहावा, यासाठी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व धरणांत पाण्याची टक्केवारी जवळजवळ सारखी राहील अशी व्यवस्था ठेवावी. पुढे २०१३ साली मेंढेगिरी समितीने त्याचे गणित बसविले: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडण्याचा प्रश्न उत्पन्न व्हावा, एरवी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. इतके झाल्यावर तरी तंटा मिटावयास हवा होता. परंतु २०२३ साली काय घडले ते पाहा. ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरच्या अखेरीस निघाला. प्रत्यक्ष पाणी सुटावयास नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला, आणि मधल्या काळात न्यायालये, मोर्चे व रस्ता रोको यथासांग पार पडले. तोवर नदीचे पात्र कोरडे पडले होते. कोरडे पात्र प्रथम आपली तहान भागविते, मग पुढे पाणी जाऊ देते. ज्या महिन्यात रब्बीची पेरणी व्हावयाची त्या महिन्यात आम्ही तारखा मोजीत बसलो. टक्केवारी ६५ असावी की तिच्याहून कमी, यावर पुढेही खल चालूच राहिला.

यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की कायद्याने आम्हांस अंकगणित दिले, शेजारधर्म दिला नाही. आणि देणे शक्यही नव्हते. दोन भावांची वाटणी न्यायालयातून झाली म्हणजे बांध कायम होतो, बोलणे बंद होते. पाणी हे तर असे वतन आहे की त्याची वाटणी एकदा होऊन भागत नाही. ती दरवर्षी, किंबहुना दर आवर्तनास, नव्याने करावी लागते. असले काम हुकमाने होत नाही; त्याला नित्याची बैठक लागते.

ही बैठक शासनाने निर्माण करावी असे कोणी म्हणेल, तर शासनाचा अनुभवही सांगितला पाहिजे. २००५ च्याच कायद्याने राज्य जल परिषद नेमावयास सांगितली होती. तिची पहिली बैठक भरावयास २०१५ साल यावे लागले, तेही न्यायालयाने कान उपटल्यावर. त्याच कायद्यात 'नदीखोरे अभिकरण' हा भारदस्त शब्द आहे. परंतु नवी संस्था जन्मास न घालता जुन्याच पाटबंधारे विकास महामंडळांस ती पदवी बहाल करण्यात आली. त्या महामंडळात खोऱ्यातील नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि पाणीवापर संस्था यांनी एकमेकांसमोर बसून हिशेब करावा अशी सोय नाही. आंतरराज्य नद्यांसाठी १९५६ साली नदी मंडळांचा कायदा संसदेने केला. त्यान्वये आजतागायत एकही मंडळ उभे राहिले नाही. ज्यांच्या हाती अधिकार त्यांना निकड नाही, आणि ज्यांना निकड त्यांच्या हाती अधिकार नाही, असा हा प्रकार आहे.

मग असे काही जगात कोठे घडले आहे काय? घडले आहे, आणि तेही अशा ठिकाणी की जेथे शेजाऱ्यांनी एकमेकांवर तोफा रोखल्या होत्या. युरोपच्या उत्तरेस बाल्टिक नावाचा समुद्र आहे. तो अरुंद सामुद्रधुन्यांतून बाहेरच्या महासागराशी जोडलेला असल्यामुळे त्यातील पाणी बदलावयास कित्येक वर्षे लागतात. म्हणजे एका काठावरील घाण दुसऱ्या काठास चुकत नाही. १९७४ साली, शीतयुद्ध भर रंगात असता, दोन्ही जर्मनी, पोलंड, सोव्हिएत संघ, स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्क अशा सात राष्ट्रांनी हेलसिंकी येथे या समुद्राच्या रक्षणाचा करार केला. परंतु आमच्या मते अधिक शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. १९९१ साली ग्दान्स्क या बंदरात ३२ शहरांच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन बाल्टिक नगरांचा संघ स्थापला. राजधान्यांच्या परवानगीची वाट न पाहता सांडपाणी, बंदरे, रहदारी या घरगुती प्रश्नांवर ती नगरे परस्परांशी व्यवहार करू लागली. २००७ साली हेलसिंकी आणि तुर्कू या दोन फिनिश शहरांनी आपल्या काठाचे पाणी स्वच्छ करण्यासाठी आपण स्वतः काय काय करणार याची यादी आधी जाहीर केली, आणि मगच इतरांस 'तुम्हीही करा' असे आव्हान दिले. हा क्रम वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. पुढे आम्हांस त्याच्याशी काम आहे. सेंट पीटर्सबर्ग शहराचे बरेचसे सांडपाणी शुद्ध न होताच फिनलंडच्या आखातात जात असे. तेथील नैर्ऋत्य भागातील शुद्धीकरण केंद्र २००५ साली सुरू झाले, त्यात फिनलंड व स्वीडन यांचा पैसा होता. परक्याच्या गटारावर आपल्या रयतेचा पैसा का खर्चावा, या प्रश्नास फिनिश माणसाचे उत्तर साधे होते: ते पाणी आमच्याच दारी येते, आणि तेथे एक रुपया घातला तर येथील अनेक रुपये वाचतात.

आक्षेपक लगेच म्हणतील, ते श्रीमंत देश, आणि त्यांचेही सख्य कोठे टिकले? २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर रशियाशी असलेले हे दुवे तुटले, हे आम्ही लपवीत नाही. युद्धापुढे नगरपालिकांचे काही चालत नाही. परंतु जेथे राष्ट्रे, भाषा, चलने आणि सैन्ये निरनिराळी होती तेथे हा व्यवहार तीस वर्षे चालला. आणि आमच्या या सहा जिल्ह्यांत भाषा एक, विधानसभा एक, पंढरीची वाट एक, सोयरीक एक, मग येथे तो एक दिवसही का चालू नये? श्रीमंतीचाच प्रश्न असेल तर नाशिक जिल्ह्यातीलच वाघाड प्रकल्प पाहावा. कालव्याच्या शेपटाशी असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी मिळेना म्हणून त्यांनी १९९१ च्या सुमारास पाणीवापर संस्था काढल्या, आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचेच व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांनी आपल्या हाती घेतले. खानदेशात पांझरेकाठची फड पद्धती तर कित्येक शतकांची. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवावयाचे क्षेत्रच सर्वांनी मिळून कमी करावयाचे, ही तिची रीत. तेथे कोणी न्यायालयात जात नसे. पाटकरी सर्वांचा आणि बंधाराही सर्वांचा. तेव्हा हे शहाणपण परदेशाहून आणावे लागणार नाही. ते आमच्या घरात पडून आहे, त्यावरची धूळ तेवढी झटकली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, जिल्हा परिषदांना पाण्याचा अधिकारच काय? राज्यघटनेत १९९२ च्या दुरुस्तीने आलेले २४३ झेडडी हे कलम सांगते की, जिल्हा नियोजन समितीने आराखडा करताना पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या गोष्टींचा विचार करावा. आणि त्या गोष्टींत 'पाण्याची वाटणी' हे शब्द स्पष्ट आहेत. म्हणजे घटनाकारांच्या वारसांना गाव आणि शहर यांच्यामधील तंटा दिसला, जिल्ह्या-जिल्ह्यांमधील दिसला नाही. परंतु घटनेत नाही म्हणून सहा जिल्ह्यांच्या अध्यक्षांनी एका सतरंजीवर बसू नये, असे कोणत्या कलमात लिहिले आहे? खरी अडचण अधिकाराची नसून सवयीची आहे. आमच्या स्थानिक संस्थांना वर पाहावयाची सवय लागली आहे, शेजारी पाहावयाची नाही. त्यांपैकी पुष्कळ तर २०२२ पासून कित्येक वर्षे निवडणुकांवाचून प्रशासकांच्या हाती होत्या, आणि त्याबद्दलही आम्ही फारसा आवाज केला नाही.

आता आम्ही आमच्या वाचकांच्या रोषास पात्र होणारा भाग सांगतो. बीड जिल्हा गोदावरीवर खालचा आहे हे खरे. परंतु मांजरेवर तो वरचा आहे. मांजरा आमच्या पाटोदे तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. तिच्यावरील मोठे धरण आमच्या केज तालुक्यातील धनेगावी आहे, साठवण सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. त्याचे पाणी केज, धारूर, अंबाजोगाई पितात, तसेच धाराशिव जिल्ह्यातील कळंब आणि सर्वांत मोठे लातूर शहर पिते. पुढे तीच नदी बीदरमध्ये कर्नाटकाची आणि निजामसागरात तेलंगणाची होते. एप्रिल २०१६ मध्ये हे धरण आटले तेव्हा लातुरास पाणी मिरजेहून आगगाडीने, सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरून आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. त्यापूर्वी लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी जारी करावी लागली होती. त्या दिवसांत बीड, लातूर आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांच्या लोकनियुक्त संस्था मांजरेच्या प्रश्नावर एकत्र बसल्या असत्या तर पाऊस पडला नसता, हे कबूल. परंतु धरण आटण्यापूर्वी दोन वर्षे बसल्या असत्या, तर उसास किती व माणसास किती हे आधी ठरले असते.

नाशिककर जे आम्हांस म्हणतात तेच आम्ही लातूरकरांस म्हणत नाही काय? 'धरण आमच्या हद्दीत, जमिनी आमच्या बुडाल्या' हे शब्द केजच्या चावडीवर ऐकू येतात तेव्हा आम्हांस ते गोड लागतात, आणि निफाडच्या चावडीवर ऐकू येतात तेव्हा कडू! सिंदफणेचीही तीच कथा. आमच्या शहराच्या मधून वाहणाऱ्या बिंदुसरेची अवस्था ज्याने उन्हाळ्यात पाहिली आहे त्याला गोदेच्या प्रदूषणाबद्दल नाशिकास दूषण देताना जीभ जड व्हावी. ही बिंदुसरा सिंदफणेत जाते, सिंदफणा माजलगावच्या जलाशयात. म्हणजे आपले सांडपाणी आपणच पितो, आणि उरलेले मंजरथच्या संगमावरून परभणीकरांस पाठवितो. ज्याने खालच्यास दिले नाही त्याने वरच्याकडे मागताना आवाज चढविला तर तो न्यायाचा आवाज ठरत नाही; ती निव्वळ गरज होय, आणि गरज तर वरच्यासही आहे.

म्हणून आमची सूचना अशी आहे की बीडने हा हट्ट उलट्या टोकाने सुरू करावा. बीड, धाराशिव आणि लातूर येथील जिल्हा परिषदा व मांजरेचे पाणी पिणाऱ्या नगरपालिका यांची एक संयुक्त सभा बीडने स्वतः होऊन बोलवावी. ती ऑक्टोबरात नव्हे, मृगाच्या आधी भरावी, कारण टंचाईचा करार सुकाळात करावयाचा असतो. त्या सभेत धरणात किती, सुटले किती, कोणी किती उपसले याची वही सर्वांसमोर उघडी असावी. पिण्याचे पाणी, मग गुरे, मग हंगामी पिके आणि शेवटी ऊस हा क्रम लेखी व्हावा. आणि आपल्या काठच्या सांडपाण्याबद्दल बीड स्वतः काय करणार याची यादी आमच्या सहीने आधी पुढे ठेवावी. बीदरलाही पाहुणा म्हणून बोलावण्यास हरकत नाही. या सभेस हुकूम काढण्याचा अधिकार नसेल. परंतु तिच्यासमोर खोटे बोलणे कठीण होईल, आणि पाण्याच्या तंट्यात निम्मे भांडण आकड्यांच्या अविश्वासाचेच असते. असे दोन-तीन हंगाम केल्यावर तीच वही काखेत मारून आम्ही नाशिक आणि अहिल्यानगरच्या दारी जावे आणि म्हणावे, 'आम्ही खालच्यास असे दिले. आता आपण बसू या.' मग त्यांनी नाही म्हटले तर त्यांच्या नकाराला तोंड लपविण्यास जागा उरणार नाही.

आमच्याच मराठी मुलखातील एक अभियंते, माधवराव चितळे, यांना १९९३ साली स्टॉकहोमचे जल-पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या बाल्टिकच्या काठचा दाखला आम्ही वर दिला त्याच काठाने एका मराठी माणसाचे पाण्याविषयीचे ज्ञान गौरविले. त्यांच्याच अध्यक्षतेखालील जलसिंचन आयोगाने १९९९ साली महाराष्ट्रास खोरे आणि उपखोरे हा घटक धरून विचार करावयास सांगितले. आम्ही अहवाल कपाटात ठेवला आणि विचार जिल्ह्याचाच करीत राहिलो.

शेवटी एक गोष्ट, जी प्रत्येक मराठी घरात लहानपणी ऐकली जाते. नाथमहाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरास निघाले असता वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव त्यांना दिसले, आणि त्यांनी ती कावड त्याच्या मुखी रिती केली. ज्यांच्या नावाने आमचा सागर ओळखला जातो त्यांनी, पाणी कोणाच्या हद्दीतून आणले आणि गाढव कोणत्या जिल्ह्याचे, हे विचारले नव्हते. आम्ही कोणास संत होण्यास सांगत नाही. नगरपालिका संत नसतात व तसे असण्याची आवश्यकताही नाही. आमचे मागणे फार लहान आहे. नाथांच्या सागरावर हक्क सांगण्यापूर्वी धनेगावच्या धरणाखाली उभ्या असलेल्या तहानलेल्याकडे बीडने एकदा पाहावे, आणि पुढच्या मृगाच्या आधी त्यास बोलावणे धाडावे.